जपानची 100 व्होल्टची उपकरणे पुण्याच्या घरात: काय वापरावे, काय सोडून द्यावे

कोथरूडच्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे: "नागोयाजवळ सहा वर्षे काढून आम्ही नुकतेच पुण्याला परतलो. सामानातून इंडक्शनचा राईस कुकर, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर, शिलाई मशीन आणि यजमानांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणला. सगळी उपकरणे 100 व्होल्टची आहेत. एका परिचिताचे म्हणणे असे, की पिन बसते आहे ना, मग काही होत नाही. दुकानदाराने हातात मावेल एवढा 110 व्होल्टचा, 2000 वॅटचा कन्व्हर्टर दाखवला आणि सगळे त्यावर चालेल असे सांगितले. गेल्या आठवड्यात मुलाच्या जुन्या व्हिडिओ गेमचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावला, तर फट्कन आवाज होऊन तो बंद पडला. दिवसभर घरी सासूबाई आणि स्वयंपाकाच्या मावशी असतात. यातले काय वापरावे, कसे वापरावे आणि काय सोडून द्यावे?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य व्होल्टेजविषयीचे नाही. दिवसभर घरी सासूबाई आणि मावशी असतात, हे ते वाक्य. आपल्याला आणि यजमानांना ही उपकरणे वेगळी आहेत हे ठाऊक आहे, पण जो माणूस ती वस्तू सवयीने उचलून जवळच्या सॉकेटमध्ये लावील त्याला ते ठाऊक नसते. जपानी प्लगला दोन चपट्या पट्ट्या असतात आणि आपल्याकडे सध्या घरोघरी जे बहुउपयोगी सॉकेट बसवतात, त्यांत त्या पट्ट्या कोणत्याही अडॅप्टरशिवाय सहज शिरतात. म्हणून सर्वप्रथम एक करावे. पुढचा निर्णय होईपर्यंत ही पाचही उपकरणे सॉकेटपासून दूर, एका जागी बांधून ठेवावीत आणि घरातल्या प्रत्येकाला तसे सांगावे. पिन बसते म्हणजे उपकरण चालते, हा आपल्या परिचितांचा समज धोकादायक आहे. प्लगचा आकार जुळला, एवढाच त्याचा अर्थ असतो. विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, बदलत नाही.

दाबातला फरक किती मोठा आहे हे ड्रायरवरून नीट कळेल. जपानच्या घरातली वीज 100 व्होल्टची, आपली 230 व्होल्टची. तापणाऱ्या तारेत दाब 2.3 पट झाला की प्रवाहही 2.3 पट होतो आणि उष्णता या दोहोंच्या गुणाकाराने, म्हणजे सुमारे 5.3 पट वाढते. आपला ड्रायर 1200 वॅटचा असेल, तर आपल्या विजेवर तो क्षणभर तरी 6300 वॅटचा होतो आणि साडेसत्तावीस अँपिअरपेक्षा थोडा अधिक प्रवाह ओढतो. अशा वेळी एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच, पडेलच, असे अनेकांना वाटते. परंतु 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहाला तत्काळ पडत नाही, त्याला मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. त्याच्या कितीतरी आधी ड्रायरमधली तार लाल होऊन प्लॅस्टिक वितळू लागते, आणि त्या वेळी तो कोणाच्या तरी हातात, केसांजवळ असतो.

आता दुकानदाराच्या कन्व्हर्टरविषयी. दोन हजार वॅटचा खरा ट्रान्सफॉर्मर हातात मावत नाही. त्यात लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि तांब्याची वेटोळी असतात आणि तो उचलताना दोन्ही हात लागतात. हातात मावणाऱ्या डबीत बहुधा एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, जो विजेच्या लाटेचा काही भाग कापून टाकतो. त्यामुळे सरासरी परिणाम 110 व्होल्टसारखा होतो, पण कापलेल्या लाटेचे शिखर 325 व्होल्टपर्यंत जाऊ शकते, तर जपानी उपकरणाने आयुष्यभर 141 व्होल्टचे शिखर पाहिलेले असते. साधी इस्त्री किंवा पाणी तापवायची कांडी अशा डबीवर काही वेळ तग धरील. ज्यात सर्किट आहे, मोटर आहे किंवा आतला ट्रान्सफॉर्मर आहे, ते तग धरणार नाही. आपल्या पाच वस्तूंपैकी एकही मी या डबीवर लावू देणार नाही.

दुसरा मुद्दा 110 या आकड्याचा. आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक स्टेप-डाऊन, म्हणजे दाब उतरवणारे, ट्रान्सफॉर्मर अमेरिकेहून आणलेल्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवून 110 व्होल्टचे केलेले असतात. 100 आणि 110 यांत फारसा फरक नाही असे वाटते खरे, पण जपानमध्ये घरी येणाऱ्या विजेची कायदेशीर मर्यादा 101 व्होल्ट, कमी-अधिक 6, म्हणजे 95 ते 107 अशी आहे. आपल्याकडे 230 व्होल्टमध्ये दहा टक्के चढउतार गृहीत धरतात. रात्री उशिरा, शेजारपाजारचे एसी आणि गिझर बंद असताना, सॉकेटवर 250 व्होल्ट येणे नवलाचे नाही. त्या वेळी 110 चा ट्रान्सफॉर्मर प्रत्यक्षात सुमारे 120 व्होल्ट देतो आणि 1200 वॅटचा ड्रायर 1700 वॅटच्या वर जातो. तेव्हा ट्रान्सफॉर्मर घ्यायचाच असेल, तर तो 230 ते 100 असाच घ्यावा. तयार मिळाला नाही, तर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत चौकशी केल्यास मागणीप्रमाणे वाइंडिंग करून देणारे कारागीर भेटतात. पैसे देण्याआधी एक काम घरीच करावे. मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी सात वाजता आणि पुन्हा पहाटे आपल्या सॉकेटवरचा दाब मोजावा. पहाटेचा आकडा 245 च्या पुढे जात असेल, तर ट्रान्सफॉर्मरला आत येणाऱ्या बाजूला 240 आणि 250 व्होल्टचे टॅपिंगही, म्हणजे त्या दाबासाठी वेटोळ्यातून काढलेली वेगळी जोडणीही, ठेवायला सांगावे. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, स्थिर करत नाही. चढउतार फार असेल, तर त्याच्या अलीकडे चांगला स्टॅबिलायझर लागेल.

कारागिराला सांगायची आणखी एक अट मी सोडणार नाही, ती म्हणजे डबल वाइंडिंगची, अर्थात आयसोलेशन प्रकारच्या ट्रान्सफॉर्मरची. स्वस्तातले पुष्कळसे स्टेप-डाऊन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत एकच वेटोळे असते आणि त्याच्या मधून 100 व्होल्टची तार बाहेर काढलेली असते. त्या वेटोळ्याचा खालचा भाग कुठे तुटला, तर बाहेरच्या सॉकेटवर 100 च्या जागी जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट येतात. शिवाय भिंतीतल्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, आणि जुन्या वायरिंगमध्ये तसे अनेकदा आढळते, तर उपकरणाच्या एका तारेवर जमिनीच्या मानाने 130 आणि दुसऱ्या तारेवर 230 व्होल्ट राहतात. मीटर दोन तारांमध्ये मात्र बरोबर 100 दाखवतो, म्हणून तपासणाऱ्याचीही फसगत होते. डबल वाइंडिंगमध्ये आतली आणि बाहेरची वेटोळी वेगळी असतात, त्यामुळे या दोन्ही गोष्टी टळतात. वाइंडिंग तांब्याचे हवे. आत येणाऱ्या बाजूला एमसीबी, बाहेर जाणाऱ्या बाजूला योग्य अँपिअरचा फ्यूज आणि गाभ्याजवळ फार तापल्यास तोडणारा थर्मल कटआउट असावा.

या व्यवस्थेची एक बाजू लोक विसरतात. घरातला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची गळती पाहू शकत नाही, कारण ती बाजू घराच्या वायरिंगपासून विद्युतदृष्ट्या तोडलेली असते. म्हणून एका ट्रान्सफॉर्मरवर एकच उपकरण लावावे, त्याला एक्स्टेंशन बोर्ड लावून चार वस्तू कधीही जोडू नयेत. जपानी उपकरणांतून जी वेगळी हिरवी अर्थची तार बाहेर येते, ती तशीच लोंबती न ठेवता ट्रान्सफॉर्मरच्या पेटीच्या अर्थला जोडावी आणि ती पेटी तीन पिनच्या प्लगने घराच्या अर्थला जोडलेली असावी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

आता एकेका वस्तूकडे वळतो. प्रत्येकीच्या मागे किंवा तळाशी एक पट्टी असते. जपानी वाचता येत नसलेल्या घरच्यांना मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करूनही ती वाचता येईल. तिच्यावर 100 ते 240 व्होल्ट आणि 50/60 हर्ट्झ असे छापलेले असेल, तर ती वस्तू आपल्याकडे थेट चालते. लॅपटॉप, मोबाइल आणि कॅमेऱ्याचे चार्जर बहुधा असेच असतात आणि त्यांना ट्रान्सफॉर्मर लावण्याची गरजच नसते. ज्या पट्टीवर नुसते 100 व्होल्ट आहे, तिच्याविषयी पुढचे सारे लागू आहे.

ॲम्प्लिफायर अवश्य ठेवावा. ट्रान्सफॉर्मरवर सर्वांत चांगली चालणारी वस्तू हीच. तिची भूक थोडी असते, ती जवळजवळ एकाच जागी राहते आणि जुन्या जपानी ॲम्प्लिफायरचे काम असे असते की त्यासाठी खर्च करणे सार्थकी लागते. पट्टीवर 300 वॅट असेल तर 500 ते 750 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता सांगणारे एकक) डबल वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, कारण सुरू करताना क्षणभर प्रवाहाची उसळी येते आणि ट्रान्सफॉर्मर सतत पूर्ण क्षमतेवर चालवला तर तापत राहतो. मागच्या बाजूला व्होल्टेज बदलायचा सिलेक्टर दिसला, तर तो जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याला दाखवूनच हलवावा. जपानच्या देशी बाजारासाठी बनलेल्या अनेक नमुन्यांत आतल्या ट्रान्सफॉर्मरला 230 व्होल्टचे टॅपिंगच नसते, त्यामुळे "आतून बदलून देतो" म्हणणाऱ्याला आधी सर्किटचा नकाशा मागावा.

शिलाई मशीनही ठेवण्यासारखे आहे. घरगुती मशीन सहसा शंभर वॅटच्या आतच असते, तेव्हा 250 व्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो. पायाखालचे पेडल मात्र त्याच मशीनचे आणि त्याच व्होल्टेजचे असले पाहिजे. इथे मिळणारे 230 व्होल्टचे पेडल जुळते आहे म्हणून जोडू नये.

हेअर ड्रायर सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगतो. त्यासाठी दीड हजार व्हीएपेक्षा मोठा, जड ट्रान्सफॉर्मर न्हाणीघराजवळ ठेवावा लागेल, आणि तेवढ्या पैशांत इथला 230 व्होल्टचा उत्तम ड्रायर येतो. अपवाद एकच: प्रवासासाठीच्या काही ड्रायरना 100–120 आणि 200–240 असा बदलणारा स्विच असतो. आपला तसा असेल तर तो स्विच 200–240 वर फिरवून, वर चिकटपट्टी लावून टाकावी, म्हणजे तो चुकून परत फिरणार नाही.

मायक्रोवेव्हच्या बाबतीत व्होल्टेजखेरीज आणखी एक अडचण आहे आणि ती नागोयामुळे आली आहे. जपानमध्ये विजेच्या दोन वारंवारता आहेत, म्हणजे विजेची लाट सेकंदाला किती वेळा येते तो आकडा (हर्ट्झ) दोन भागांत वेगवेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन बनावटीची 50 हर्ट्झची आणि ओसाकाने अमेरिकन बनावटीची 60 हर्ट्झची जनित्रे आणली, आणि तो भेद आजतागायत टिकला. साधारण फुजी नदीच्या पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60. नागोया पश्चिमेत येते. साध्या, फक्त गरम करणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि जपानमध्ये असे ओव्हन 50 चे वेगळे आणि 60 चे वेगळे विकले जातात. 60 हर्ट्झचा गाभा आपल्या 50 हर्ट्झवर चालवला, तर दाब बरोबर 100 असूनही तो गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जातो आणि भलताच तापतो. पट्टीवर नुसते 60 हर्ट्झ असेल तर कोणताही घरगुती ट्रान्सफॉर्मर ही अडचण दूर करू शकत नाही. 50/60 असे लिहिलेले असले तरी एक हजार वॅटच्या आसपास अन्न तापवणारे ओव्हन भिंतीतून चौदाशे-पंधराशे वॅट ओढते, म्हणजे त्याला किमान दोन हजार व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो चालू ठेवला तर रिकामाही वीज खातो. रिकामा असताना 30 वॅट घेत असेल, तर महिन्याला वीसपेक्षा अधिक युनिटे नुसती तापण्यात जातील. मी मायक्रोवेव्ह सोडून द्यावा असे म्हणेन. एक मात्र कळकळीने सांगतो: सुटे भाग काढण्यासाठी घरी कोणीही तो उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

वारंवारतेचा हा प्रश्न टोकियो किंवा योकोहामाहून परतणाऱ्यांना येत नाही. तिथली वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची आहे. नागोया, ओसाका, हिरोशिमाकडून येणाऱ्यांनी मात्र मोटर असलेली प्रत्येक वस्तू या दृष्टीने तपासावी. विजेच्या वारंवारतेवर चालणारे 60 हर्ट्झचे घड्याळ आपल्याकडे तासाला दहा मिनिटे मागे पडते.

राईस कुकरवर निर्णय देणे मला सर्वांत जड गेले, कारण तो नीट चालला तर इंद्रायणीचा मऊ, चिकटसर भात त्यात फार सुरेख होतो आणि आपण तो एवढ्या दूरवरून जपून आणला असेल. पण इंडक्शनचा कुकर हा तापणाऱ्या तारेचा कुकर नसतो. आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट वीस हजार हर्ट्झपेक्षा अधिक वेगाने प्रवाह चालू-बंद करून भांडेच तापवते आणि त्यासाठी विजेची लाट स्वच्छ आणि दाब टिकून राहणारा हवा असतो. कमी क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरवर, बाराशे वॅट मागितले की दाब खचतो, कुकर चूक दाखवून थांबतो किंवा आतले भाग जळतात. ट्रान्सफॉर्मरवर वापरू नये अशी सूचना अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत असते. आपल्या कुकरच्या पुस्तिकेत ती आहे का, ते आधी पाहावे, आणि असेल तर तिथेच थांबावे. नसेल, तर दोन हजार व्हीएचा, डबल वाइंडिंगचा, सतत चालण्याच्या क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर, स्वयंपाकघरात पाण्यापासून दूर, ओट्याखाली हवा खेळेल अशा जागी पक्का बसवूनच तो वापरावा, आणि भात झाल्यावर तो तासन्‌तास ऊबदार ठेवण्याच्या सोयीवर न ठेवता बंद करावा. ही सारी खटपट कोणी केवळ पैशांचा हिशेब करून करू नये; 220–230 व्होल्टची निर्यातीसाठीची जपानी बनावटीची कुकरे मिळतात. जे अजून जपानमध्येच आहेत त्यांनी परतण्यापूर्वी टोकियोतल्या अकिहाबारासारख्या ठिकाणी परदेशी व्होल्टेजच्या वस्तू ठेवणाऱ्या दुकानांत विचारावे.

जे उपकरण ठेवाल, ते चुकून भिंतीत लागणार नाही याची सोय चिकटपट्टीच्या सूचनेवर सोपवू नये. माझी सूचना अशी की वायरमनकडून त्या उपकरणाचा जपानी प्लग कापून त्या जागी पिवळ्या रंगाचा, 16 अँपिअरचा औद्योगिक प्लग बसवावा आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर जाणाऱ्या बाजूलाही तसेच पिवळे सॉकेट लावावे. कारखान्यांत आणि बांधकामावर 110 व्होल्टच्या हत्यारांसाठी हाच पिवळा रंग आणि हीच रचना वापरतात. तो गोल प्लग घरातल्या कोणत्याही सॉकेटमध्ये जातच नाही. मग मावशींनी किंवा सासूबाईंनी तो कितीही घाईत उचलला तरी तो त्या एकाच पेटीला लागेल. शिलाई मशीन आणि ॲम्प्लिफायर यांच्या ट्रान्सफॉर्मरची पेटी वेगळी, आणि प्रत्येकीवर उपकरणाचे नाव मोठ्या मराठी अक्षरांत असावे.

राहिला तो बंद पडलेला अडॅप्टर. फट्कन आवाज झाला, त्या अर्थी दाब वाढताच आतला फ्यूज, वाढलेला दाब शोषणारी चकती किंवा मोठा कपॅसिटर यांपैकी काहीतरी फुटले असावे. फक्त 100 व्होल्टसाठी बनलेल्या सर्किटमध्ये हा कपॅसिटर बहुधा 200 व्होल्टचा असतो आणि आपल्या विजेवर त्याच्यावर 325 व्होल्टच्या आसपास दाब येतो. तो अडॅप्टर दुरुस्त करत बसू नये. त्याच्यावरची दुसरी ओळ, म्हणजे बाहेर जाणारा दाब, वाचावी. इथे मिळणारा 230 व्होल्टचा अडॅप्टर घेताना बाहेर जाणारा दाब तंतोतंत तोच, अँपिअर तेवढे किंवा थोडे अधिक, आणि गोल पिनच्या मधल्या भागाचे धन-ऋण चिन्ह तेच असल्याची खात्री करावी. जुन्या जपानी गेममध्ये मधला भाग ऋण असण्याची उदाहरणे आहेत आणि आपल्याकडच्या बाजारातले बहुतेक अडॅप्टर मध्यभागी धन असतात. बाहेरचा दाब एसी लिहिलेला असेल तर डीसीचा अडॅप्टर चालणार नाही. नवा अडॅप्टर जोडण्यापूर्वी खेळाचे यंत्र दुरुस्ती करणाऱ्याकडून एकदा तपासून घ्यावे, कारण जुना जाताना एखादा झटका पुढे गेला असण्याची शक्यता असते. यंत्र ठीक निघाले, तर त्याला ट्रान्सफॉर्मर लागणार नाही.